औषधं-उपकरणांची वसाहत: प्लॉट दिला की उद्योग उभा राहतो का?

भोसरी_टूलरूम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं साच्यांचं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या प्लास्टिक भागांचे साचे करत वडिलांनी ते उभं केलं, आजही पोट त्यावरच चालतं. मध्यंतरी मंदीत मशिनं रिकामी पडली तेव्हा एका सर्जन मित्राच्या नादाने एकदाच वापरायचा ट्रोकार करायला घेतला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला छोटं भोक पाडून जी नळी बसवतात आणि जिच्यातून कॅमेरा, चिमटे आत जातात, ती. पोटात भरलेला वायू निसटू नये म्हणून तिच्यात एक झडप असते.

साचा म्हणजे आमच्या डाव्या हाताचा मळ. झडपेच्या सिलिकॉनने थोडं रडवलं, तेही जमलं. घोडं अडलंय त्याच्या पुढे. प्लास्टिक शरीराला अपाय करत नाही हे आयएसओ १०९९३ प्रमाणे सिद्ध करायचं. इथिलीन ऑक्साइडने माल निर्जंतुक करून घ्यायचा आणि तो वायू मालात किती उरला ते मोजायचं. पाकिटातला माल टिकतो हे दाखवायला पाकिटं जास्त तापमानात ठेवून मुद्दाम 'म्हातारी' करायची. प्रत्येक कामाला वेगळी प्रयोगशाळा, वेगळं गाव, वेगळी रांग. रांगेत आमच्यासारख्या चिल्लर गिऱ्हाइकाचा नंबर कुठे असणार ते सांगायला नको.

आता मूळ प्रश्न. केंद्र सरकारने २०२० साली दोन योजना काढल्या. बल्क ड्रग पार्कांसाठी (बल्क ड्रग म्हणजे औषधाचं मूळ द्रव्य) ३,००० कोटी, म्हणजे प्रत्येकी हजार कोटींपर्यंत मदत. ती गुजरातेत भरूचला, हिमाचलात ऊनाला आणि आंध्रला मिळाली. मेडिकल डिव्हाइस पार्कांसाठी ४०० कोटी, प्रत्येकी शंभर. ती तमिळनाडू, हिमाचल, मध्य प्रदेश (उज्जैन) आणि उत्तर प्रदेशात गेली. दोन्ही याद्यांत महाराष्ट्र नाही. एक नातेवाईक सारखा मागे लागलाय, "बस्तान हलव, तिकडे प्लॉट स्वस्त आहे."

हलवावं का? असे पट्टे सरकारने आखून दिले की उभे राहतात, की त्यांची मुळं आधीच कुठेतरी असावी लागतात? जाणकारांनी लिहावं.


कट्ट्यावरचा_गण्या

जागा धरून ठेवतोय. चहा घेऊन येतो.


चारमिनार_ते_चिंचवड

नोकरीच्या निमित्ताने हैदराबादेत बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

हैदराबाद औषधांचं शहर व्हावं म्हणून सुरुवातीला कुणी पार्क काढलं नव्हतं. झालं ते असं. १९६१ मध्ये सोव्हिएत मदतीने आयडीपीएल ही सरकारी कंपनी निघाली, तिचा एक कारखाना हैदराबादला आला. शेकडो रसायनतज्ज्ञ तिथे तयार झाले. मग १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर. म्हणजे तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवता आला तर तुम्ही राजे. आयडीपीएलमध्ये शिकलेल्या लोकांना ही वाट शोधता येत होती. ते बाहेर पडले, शेडमध्ये एखाद-दोन रिअ‍ॅक्टर टाकले आणि सुरू झाले.

डॉ. अंजी रेड्डी त्यातलेच. आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करायला हरकत नाही: त्यांचं शिक्षण मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत आणि पीएचडी आपल्या पाषाणच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली. तिथून आयडीपीएल, आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज. आयडीपीएल पुढे आजारी पडून बंद झाली, पण तिची माणसं शहरभर पसरली होती.

जीनोम व्हॅली हे नाव आलं १९९९ मध्ये. त्याआधीच १९९७ मध्ये शांता बायोटेकने कावीळ-बीची देशी लस बाजारात आणली होती. कंपनी काढणारे वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. त्यांना हात दिला तो तिथल्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेने, आपल्या आवारात काम करू देऊन. परदेशी लशीचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता, तो या लशीने जमिनीवर आणला. सरकारने पाटी लावली ती हे सगळं झाल्यावर.

तेव्हा माझं उत्तर: मुळं आधी, पाटी नंतर.


पेनिसिलिन_कॉलनी

चारमिनार, तुमचं म्हणणं मान्य, पण मग एक कोडं सोडवा. आमचं बालपण पिंपरीच्या एचए कॉलनीत गेलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तुमच्या आयडीपीएलपेक्षा जुनी. १९५४ ची, देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत, १९५५ पासून पेनिसिलिन. नुसतं उत्पादन नव्हे, संशोधनही होतं: बुरशीवरचं हॅमायसिन हे औषध डॉ. थिरुमलाचार यांनी इथेच शोधलं, नावातलं 'हॅ', म्हणजे एच-ए, ते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच. शेजारी एनसीएल, पुण्यात विद्यापीठ. मग पिंपरीचं हैदराबाद का झालं नाही?

मी यावर बराच विचार केलाय. (निवृत्त माणसाला दुसरं काम काय!)

एक कारण मला रसायनातच दिसतं. हैदराबादवाले करत होते ते संश्लेषण: एका रसायनावर दुसऱ्याची प्रक्रिया. एका रिअ‍ॅक्टरवर, एका शेडमध्ये सुरू करता येतं, नफा झाला की दुसरा रिअ‍ॅक्टर. पेनिसिलिनचं तसं नाही. ते किण्वन, म्हणजे बुरशी वाढवून तिच्याकडून औषध बनवून घ्यायचं. हजारो लिटरच्या टाक्या, चोवीस तास निर्जंतुक हवा, वाफ, वीज, साखर. एका टाकीत परका जंतू शिरला की अख्खा घाणा गटारात. हे काम नोकरी सोडून, बायकोचे दागिने गहाण टाकून सुरू करता येत नाही. कंपनीत शिकलेला माणूस बाहेर पडून करणार काय? तो दुसऱ्या मोठ्या कंपनीत नोकरीलाच जाणार.

दुसरं कारण भोसरीकरांना आवडणार नाही. आमच्या कॉलनीतल्या पोरांना टेल्को आणि बजाज समोरच दिसत होत्या. हुशार मुलगा तिकडे गेला.

आणि पेनिसिलिनची पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चीनने मोठमोठ्या टाक्या उभ्या करून भाव इतका पाडला की आपल्याकडचे पेनिसिलिन-जीचे कारखाने एकेक करून बंद झाले. अमॉक्सिसिलिनसारख्या रोजच्या गोळीचं मूळच परक्याच्या हाती गेलं. आता पीएलआय या उत्पादनाशी जोडलेल्या अनुदानाच्या योजनेतून, बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची तरतूद करून, ते परत आणायची धडपड चाललीय. अरबिंदो समूहाने काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा कारखाना २०२४ मध्ये सुरू केला. पिंपरीत जे १९५५ साली होत होतं ते पुन्हा शिकायला सरकारी अनुदान लागतंय, हे वाचून आमच्या कॉलनीतल्या एका काकांनी पेपर दुमडून ठेवला आणि म्हणाले, "चला, भाजी आणायची आहे."


सह्याद्रीची_लेक

पेनिसिलिन काका, लिहीत जा हो. हॅमायसिनचं नाव पहिल्यांदाच ऐकलं.

एक भर. पुण्यात जैव-औषधांचं काही उगवलंच नाही असं नाही. सिरम इन्स्टिट्यूट या लशींच्या कंपनीची मुळं तुमच्या पिंपरीत नाहीत, ती परळच्या हाफकिन या सरकारी लस-संस्थेत आहेत. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जायचे, कारण धनुर्वात आणि सर्पदंशावरचं सीरम घोड्याच्या रक्तातून काढतात. घोडे आपले, मग सीरम आपण का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये कंपनी निघाली. तिथून आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरच्या, २०१० मध्ये आलेल्या अर्ध्या डॉलरहून स्वस्त लशीपर्यंत. बीज सरकारी संस्थेचं, जमीन भलत्याच धंद्याची.


बद्दीत_वसलेला_देशस्थ

सगळे इतिहासात रमलेत, मी जरा वर्तमानात आणतो.

मी हिमाचलात बद्दीला औषध कंपनीत क्वालिटीत आहे. इथे ना आयडीपीएल होती, ना एनसीएल, ना घोडे. होती ती भातशेती आणि २००३ चं केंद्राचं औद्योगिक पॅकेज: अबकारी करात दहा वर्षं माफी, प्राप्तिकरात सवलत. बघता बघता बद्दी-बरोटीवाला-नालागढ पट्टा देशातल्या सर्वांत मोठ्या औषधनिर्मिती पट्ट्यांत जाऊन बसला. मुंबईच्या किती कंपन्यांनी ठाण्या-अंधेरीतले कारखाने गुंडाळून इथे थाटले, तुम्हीच मोजा.

तुम्ही म्हणाल सवलत संपली की उडून जातील. गेले नाहीत. कारण तोवर कार्टनवाला, फॉइलवाला, कॅप्सूलवाला, मशिन दुरुस्त करणारा, सगळे इथे आले होते. रात्री अकराला ब्लिस्टर मशिनचा डाय तुटला तर सकाळी नवा मिळतो.

तेव्हा "मुळं आधी" हा नियम नाही. पैसा ओतला की मुळंही फुटतात.


चारमिनार_ते_चिंचवड

देशस्थ, मुद्दा बिनतोड आहे, पण एक विचारतो. बद्दीत गोळी दाबली जाते, बाटली भरली जाते. त्या गोळीतलं मूळ औषधद्रव्य येतं कुठून? आणि गेल्या वीस वर्षांत तिथे नवं काय शोधलं गेलं?


बद्दीत_वसलेला_देशस्थ

द्रव्य येतं हैदराबाद, अंकलेश्वर आणि चीनहून. नवं फारसं काही नाही, कबूल. पण लाख माणसांच्या घरात चूल पेटते, ती मोजणार की नाही? प्रत्येक वसाहतीने नोबेल आणायलाच हवं असं थोडंच आहे.

उलट आमची खरी डोकेदुखी वेगळी आहे. करमाफीच्या लाटेत अशीही लहान युनिटं आली ज्यांना औषध आणि साबण यांत फरक वाटत नव्हता. आता सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम, आल्यावर त्यांची धावपळ चाललीय. गांबियातल्या खोकल्याच्या औषधाचं प्रकरण २०२२ मध्ये झालं. ते औषध आमच्या पट्ट्यात बनलेलं नव्हे, पण परदेशी गिऱ्हाइकाने त्यानंतर आम्हालाही उलटेपालटे प्रश्न विचारले. जवळपास राहण्याचा हाही एक भाग आहे: एकाचं पाप सगळ्यांच्या माथी.


बोईसर_लोकल

प्लॉट, मुळं, करमाफी सगळं बोलून झालं. सांडपाण्याचं कुणी बोललंच नाही.

मी तारापूर एमआयडीसीच्या बाजूच्या गावातला. आमच्याकडे औषधद्रव्यांचे कारखाने भरपूर. सामायिक सांडपाणी केंद्र आहे, पण वर्षानुवर्षं येणारं पाणी त्याच्या झेपेबाहेरचं. जे व्हायचं ते झालं: खाडी, किनारा, मासे. हरित लवादाकडे गेलं कोण? मांगेला समाजाची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची परिषद. लवादाने कारखान्यांना आणि त्या केंद्रालाही नुकसानभरपाई लावली. पण खाडीत पूर्वीसारखी निवटी (चिखलातली मासळी) मिळते का, विचारा एखाद्या मावशीला.

रोहा-मुरूडला बल्क ड्रग पार्क येणार म्हटल्यावर लोकांनी विरोध केला तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांना अडाणी म्हणत होते. अहो, त्यांचे नातेवाईक आमच्याकडे आहेत. लग्नाकार्याला येतात, वास घेऊन जातात.

आता ही योजना वाचा नीट. हजार कोटी कशासाठी? सामायिक सांडपाणी प्रक्रिया, वाफ, सॉल्व्हंट परत मिळवायचा प्लांट, घातक कचऱ्याची सोय, प्रयोगशाळा. म्हणजे सरकारलाही कळलंय की चीनचं द्रव्य स्वस्त पडतं त्यातलं एक कारण हेच: हा सगळा खर्च तिकडे एकत्र होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडा येतो. आपल्याकडे एकेकट्या कारखान्याने करायचा म्हटला की तो एकतर बुडतो, नाहीतर रात्री व्हॉल्व्ह उघडतो.


चारमिनार_ते_चिंचवड

बोईसरकर, शंभर टक्के. हैदराबादची ही बाजू मीच लिहायला हवी. शहराबाहेर पाटणचेरूला असंच सामायिक केंद्र आहे. स्वीडिश संशोधकांनी तिथून बाहेर पडणारं, प्रक्रिया 'झालेलं' पाणी तपासलं आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे हे प्रतिजैविक गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असतं त्याच्या कित्येक पट, बाहेर सोडलेल्या पाण्यात. औषधांना न जुमानणारे जंतू तयार करायची यापेक्षा उत्तम सोय कुणाला सुचली नसती.


कट्ट्यावरचा_गण्या

चहा गार झाला माझा. पुढे?


राजे_पुन्हा_आले

हे सगळं गुजरातला पळवलं त्याबद्दल कुणी बोलायचंच नाही का? कोणाचं सरकार होतं तेव्हा...

[संपादक: राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. पुढचे तीन प्रतिसाद तिकडे हलवले.]


गॉलवेचा_पाऊस

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला गॉलवे नावाचं गाव आहे, तिथून लिहितोय. कॅथेटर बनवणाऱ्या कंपनीत प्रोसेस इंजिनिअर. आमच्या लाइनवर मराठी बोलणारे इतके आहेत की गणपतीला वर्गणी गोळा करायला लांब जावं लागत नाही.

हे गाव मासेमारी, पाऊस आणि विद्यापीठ यांसाठी ओळखलं जायचं. १९८२ मध्ये सी. आर. बार्ड ही अमेरिकन कंपनी सवलती बघून आली. म्हणजे सुरुवात देशस्थांच्या बद्दीसारखीच. १९९३ मध्ये डिजिटल या संगणक कंपनीने इथला कारखाना बंद केला. गावावर संकट, पण अचूक उत्पादन, शिस्त, कागदपत्रं यांत मुरलेली माणसं एकदम मोकळी झाली. काही मेडिकलकडे वळली, काहींनी पुरवठादार म्हणून आपलं काढलं. पुढे मेडट्रॉनिक, बॉस्टन सायंटिफिक. आज ट्यूब ओढणारा, लेझरने कापणारा, कोटिंग करणारा, चाचणी करणारा, सगळे गाडीने तासाभरात.

मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. विद्यापीठात २०११ पासून बायोइनोव्हेट नावाचा उपक्रम चालतो. डॉक्टर, इंजिनिअर, धंदा कळणारा अशी टोळी करतात आणि आधी रुग्णालयात नुसतं उभं राहायला लावतात. काही बनवायचं नाही, फक्त बघायचं: नर्स कुठे वैतागते, सर्जन काय मागतो आणि काय मिळतं. गरजांची मोठी यादी करून मग एक निवडायची. कारखाना सवलतीने आणता आला, पण पुढचं काय बनवायचं हे वॉर्डात उभं राहूनच कळलं.

भोसरीकर, तुमचा सर्जन मित्र म्हणजे तुमचा बायोइनोव्हेट आहे. त्याला सोडू नका.


ओटीतला_भुलवाला

भूलतज्ज्ञ आहे, एका जिल्ह्याच्या ठिकाणी. गॉलवेकरांनी वॉर्डाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, कारण आपल्याकडे यंत्र बनवणारा आधी मंत्रालयात जातो, ओटीत शेवटी येतो.

देशातली तीन उदाहरणं देतो, तिन्ही पार्काविना.

पहिलं मदुराई. अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा महापूर, पण डोळ्यात बसवायची भिंग परदेशी आणि महाग. १९९२ मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढली, स्वतःच भिंग बनवायला. गिऱ्हाईक शोधायचं कामच नव्हतं, ते शेजारच्या इमारतीत होतं. चूक झाली तर त्याच आठवड्यात सर्जन येऊन सांगणार. आज ती भिंगं शंभरहून जास्त देशांत जातात.

दुसरं तिरुवनंतपुरम. श्री चित्रा संस्थेची रचनाच बघा: एका बाजूला हृदय आणि मेंदूचं रुग्णालय, दुसऱ्या बाजूला, राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात, उपकरणं बनवणारा विभाग. डॉ. वलियथन यांनी हृदयाची झडप करायला घेतली. पहिल्या तीन रचना फसल्या. चौथी १९९० च्या डिसेंबरमध्ये माणसात बसली आणि टीटीके-चित्रा म्हणून अजून बसतेय. तीन अपयशं सोसणारा मालक कुठल्या पार्कात मिळतो? त्याच संस्थेच्या तंत्रावर आयएएसची नोकरी सोडलेल्या सी. बालगोपाल यांनी रक्ताच्या पिशव्यांची पेनपोल काढली, पुढे जपानच्या तेरुमोने त्यात हात घातला.

तिसरं सुरत, आणि हे भोसरीकरांनी मनावर घ्यावं. स्टेंट म्हणजे केसासारख्या बारीक भिंतीची धातूची जाळी, लेझरने कापलेली. सुरतेत लेझर कशासाठी होता? हिऱ्यांसाठी. हिरे कापायची लेझर यंत्रं बनवणाऱ्या सहजानंदने तेच कौशल्य स्टेंटकडे वळवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली. त्या भावात माल पुरवू शकणारे देशी हात तेव्हा हाताशी होते, हे विसरू नये.

भोसरी-चाकणकडे ते कौशल्य आहेच: साचे, सीएनसी, ईडीएम, मायक्रॉनमधलं काम. कमी आहे ते ऑरोलॅबसारखं गिऱ्हाईक. आमच्याकडच्या एका सरकारी रुग्णालयाची निविदा मी पाहिलीय. साध्या उपकरणाला अमेरिकन एफडीएचं प्रमाणपत्र मागितलेलं. देशी मालाला प्राधान्य द्यावं असा २०१७ चा केंद्राचा आदेश आहे म्हणून विचारलं तर लिपिक म्हणाला, "डॉक्टर, मागच्या वर्षीची निविदा कॉपी केलीय, ऑडिटला प्रश्न येत नाही." त्या एका ओळीपुढे चारशे कोटींची योजना पालथी पडते.


मांडवीकाठ

गोव्यातून सलाम. वेर्णे, कुंडई, पिळर्ण इथल्या गोळ्यांच्या कारखान्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण निदान-किट्सचं फार कुणी बोलत नाही.

ट्युलिप ही कंपनी १९८८ पासून इथे रक्तगट वगैरे तपासायची रसायनं बनवायची. साधा, न मिरवणारा धंदा. त्यातून रसायन स्थिर ठेवणं, थंड साखळी, देशभर लॅबांपर्यंत पोचणारं वितरण, हे सगळं तयार झालं. मग बंगळूरची बिगटेक, जिच्याकडे चिपवर पीसीआर (जंतूचं जनुकीय द्रव्य ओळखायची चाचणी) करायचं तंत्र होतं, आणि ट्युलिप यांनी मिळून मोलबायो काढली. त्यातून ट्रूनॅट: बॅटरीवर चालणारं, प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोग तपासणारं यंत्र. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कोविडला ते देशभर धावलं.

तंत्र बंगळूरचं, माल गोव्याचा, गिऱ्हाईक सरकारचा क्षयरोग कार्यक्रम. एका कुंपणात सगळं नसलं तरी चालतं, असं मला यातून वाटतं. गोवा एवढासा, आम्ही कुंपण घालणार तरी कुठे?


फॉर्म_एमडी

नियमांचं काम करतो, म्हणून थेट भोसरीकरांना.

१. (सवयीने आकडे घालतोय, पुढे घालणार नाही.) उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग असतात; ट्रोकार तुमचा बहुधा वर्ग बी. म्हणजे उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन), अर्ज एमडी-३, परवाना एमडी-५, आणि कारखान्याची तपासणी अधिसूचित संस्था करणार. वर्ग सी-डी असता तर दिल्लीची वारी. १ ऑक्टोबर २०२२ पासून बी वर्गाला परवान्याशिवाय विक्री नाही, त्यामुळे "आधी थोडे विकून बघू" हा विचार डोक्यातून काढा.

चाचणीपुरता माल बनवायलाही परवाना लागतो: अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. पुष्कळ जण तो न घेताच नमुने प्रयोगशाळेत पाठवतात आणि नंतर अहवाल परवान्याच्या फाइलला लावताना रडतात.

तुमच्यासारखा ट्रोकार आधीच बाजारात आहे, त्यामुळे पूर्ण नव्या उपकरणासारखी माणसांवरची चाचणी मागितली जाण्याची शक्यता कमी. तुलना नीट मांडा: साहित्य, मापं, वापर.

आता बस्तान हलवण्याबद्दल. तुम्हाला प्लॉट नको आहे, प्रयोगशाळा हवी आहे. विशाखापट्टणमचं एएमटीझेड, म्हणजे वैद्यकीय उपकरणांची वसाहत, २७० एकर, त्याची गंमत जमिनीत नाही; विद्युत-चुंबकीय चाचणी, जैवसुसंगतता, गॅमा किरणन हे एकाच आवारात आहे आणि बाहेरच्यालाही पैसे भरून वापरता येतं. माल पाठवा, कारखाना नका पाठवू. आणि घराजवळचं बघा आधी: एनसीएलच्या आवारातलं, नव्या उद्योगांना हात देणारं व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे. आयआयटी मुंबईचं बेटिक हे उपकरणं घडवायचं केंद्र २०१४ चं, प्रा. बी. रवी यांनी उभं केलेलं, राज्याच्या विज्ञान आयोगाच्या पैशातून, आणि त्याची शाखा तुमच्या पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात, सीओईपीत. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, पण ते कल्पना सिद्ध करायला, साचे घ्यायला नव्हे.

सामायिक सोय हा शोध काल-परवाचा नाही बरं का. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचं आयसोमेड १९७४ मध्ये सुरू झालं. उपकरणं गॅमा किरणांनी निर्जंतुक करून द्यायचं, देशातलं पहिलं. कापूस-बँडेजवाल्या छोट्या मुंबईकर कारखानदारांना त्यामुळे स्वतःचा प्लांट घालावा लागला नाही. तेव्हा त्याला कुणी 'क्लस्टर' म्हणत नव्हतं.


पेनिसिलिन_कॉलनी

आयसोमेड! बरोबर. आमच्या सौंच्या बाळंतपणाच्या वेळी पॅडच्या पाकिटावर ते नाव होतं.

भोसरीकर, माझं मत विचारलंत तर: जागा सोडू नका. साचा बनवणारा सोलापूरकर कामगार तुम्हाला उज्जैनला मिळणार नाही, आणि मिळाला तरी दिवाळीला गेला की परत येणार नाही.


भोसरी_टूलरूम

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

हलायचा विचार सोडला. एमडी-१२ आधी भरतो. फॉर्म_एमडी, व्यनि केलाय, फी सांगा, मित्र म्हणून कमी करू नका. भुलवाले डॉक्टर, सुरतेचं वाचून वडील खूश झाले, म्हणाले, "बघ, हिरेवाल्यांना जमलं." चाचण्या विशाखापट्टणम आणि पुणे यांत वाटून होतील असं दिसतंय.

एक विचार चाललाय. इथिलीन ऑक्साइडची रांग सगळ्यांनाच छळते. भोसरी-चाकणमधले आमच्यासारखे पाच-सहा जण ओळखीचे आहेत, सगळे एकदाच वापरायच्या वस्तू करतात. मिळून एक छोटं निर्जंतुकीकरण युनिट टाकलं तर?


बोईसर_लोकल

टाका, पण कुठे टाकणार ते आधी सांगा. इथिलीन ऑक्साइड हा स्फोटक आणि कर्करोगकारक वायू. भोसरीत कारखान्याच्या भिंतीला लागून चाळ आहे. चेंबरमधून बाहेर सोडलेला वायू धुऊन घ्यायचा स्क्रबर, गळती मोजणारे सेन्सर, सिलिंडर ठेवायला वेगळी जागा, हे सहा जणांच्या वर्गणीत बसतं का, याचा हिशेब इथे मांडा. बसत असेल तर मी पहिला टाळी वाजवीन.


फॉर्म_एमडी

बोईसरकर बरोबर बोलतायत. प्रदूषण मंडळाची संमती, स्फोटकांसंबंधीच्या खात्याची परवानगी, दोन्ही लागतील, आणि निवासी भागाजवळ मिळणार नाही. सध्या सहा जणांनी मिळून बाहेरच्या निर्जंतुकीकरणवाल्याकडे एकत्र लॉट पाठवा. एकट्याचे पन्नास नग तो रांगेत ठेवतो, पूर्ण चेंबर भरत असेल तर स्वतः फोन करतो. मात्र प्रत्येकाच्या मालाचं व्हॅलिडेशन, म्हणजे तो खरंच निर्जंतुक होतो याची सिद्धता, वेगळं करावं लागेल, पाकीट आणि घनता वेगळी असते. त्याचा मसुदा माझ्याकडे आहे, इथेच चिकटवतो उद्या.


कट्ट्यावरचा_गण्या

मसुद्याची वाट बघतोय. माझा मेहुणा कॅथेटरच्या पिशव्या करतो चाकणला, त्याला सातवा धरा.